वास बसेपर्यंत

१

अंबू झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास लागला की काढून घ्यायची. भाकरी थापता थापता उठायची आणि परत धरायची. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, त्या हसायच्या. "आगं, पिठाचं बोट लावून लावून पोरीला मिशा काढल्यास की!" मीही हसायची. पण तव्यावरची भाकरी उलटायच्या आत एकदा जाऊन यायचीच.

तेव्हा ती चार महिन्यांची होती. मालकांच्या, माझ्या नवऱ्याच्या, आजीचं नाव अंबूबाई, तेच हिला ठेवलं. आमचं घर वडूजच्या पुढं, माळाला. पत्र्याच्या दोन खोल्या, मागच्या दाराला एक कडुलिंब आणि त्याच्या पलीकडं मेंढरांचं वाडगं. पूर्वी घरात तीनशे मेंढरं होती म्हणतात. आता आत्तींच्या हौसेची चौदा राहिलीत. मालकांनी, म्हणजे मल्हारनी, मधमाश्यांच्या पेट्या घातल्या. आपल्याकडच्याच बारक्या सातेरी माश्या. बावीस पेट्या. कुणाच्या डाळिंबाला कळी आली, कुणाच्या कांद्याच्या बियाला फूल आलं की पेट्या टेम्पोत घालून न्यायच्या, फूल सरलं की माघारी आणायच्या.

दुपारी घर गप असायचं. आत्ती मेंढरांमागं, मालक पेट्यांमागं. मी अंबूला लिंबाला बांधलेल्या झोळीत घालायची, आणि घालायच्या आधी तिच्या टाळूवर नाक टेकून एक दम ओढायची. तेल, दूध, उन्हात वाळलेली गोधडी, आणि वरून जरासं कवळ्या काकडीसारखं. एवढा वास आला की छाती भरून यायची, झंपर भिजायचा. वासानं पान्हा फुटतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते आपोआप व्हायचं, आणि रोज व्हायचं. दिवसभराची माझी सगळी भीती त्या एका दमात जायची.

२

माघ सरत आला होता. सात नंबरची पेटी मालकांनी मागच्या दारी लिंबाखाली लोखंडी स्टँडवर ठेवली होती. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या चार पायांखाली पाण्याच्या चार वाट्या. त्या पेटीतली जुनी राणी मेली होती आणि नवी राणी दोन दिवसांपूर्वीच कोशातून बाहेर आली होती.

"ही अजून कवारी हाय," मालक म्हणाले. "ह्या आठ दिसांत कवातरी उडंल. दुपारी एक ते तीनच्या मदी. वर नरांची जत्रा भरती, तितं जाती, लगीन लावून माघारी येती. परत जलमात लग्नाला भाईर न्हाई."

"आणि नर?"

"नर तितंच मरत्यात. बाप्यांचं असंच असतंय बघ."

"व्हय की! म्हणून दोन दोन ताटं जेवताय."

ते हसले. पेटीच्या तोंडाशी बसून माश्या बघत राहिले. मग म्हणाले, "सोने, मला एक कळत न्हाई. ती जत्रा दरसाल त्याच जागी भरती. वर, मोकळ्या हवंत. गेल्या सालचा एक बी नर जित्ता नसतोय. मग ह्या सालच्यांना जागा कोण सांगतं?"

"कोण?"

"मला काय म्हाईत. वास म्हणत्यात."

त्यांचं सगळं वासावरच चालायचं. परकी राणी पेटीत घालायची झाली तर तिला जाळीच्या डबीत तीन दिवस ठेवायची, वास बसेपर्यंत. त्याच्या आधी सोडली तर माश्या तिला मारतात. घरातली कोण, बाहेरची कोण, हे वासावर. मेलेली कोण, तेही वासावर.

दुसऱ्या दिवशी ते एकवीस पेट्या घेऊन आटपाडीकडं डाळिंबाला निघाले. टेम्पोत बसताना परत बजावलं, "सातला हात लावू नगं. कोसभर लांब नेली तर चालंल, खरं दहा पावलं न्हाई. माशी जागा डोक्यात धरून येती. दहा पावलं हलली तर जुन्या जागंवर घिरट्या घालून मरती, खरं शेजारची पेटी दिसत न्हाई तिला."

"न्हाई लावत," मी म्हटलं.

३

चौथ्या दिवशी मला एक माशी चावली. कानाच्या पाळीला. काही नाही, जरा सुजलं. पण त्या सकाळीच फोनवर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ मी बघितला होता. माश्या चावून डोळे मिटलेलं एक लहान पोर. कुठलं कुणास ठाऊक.

दुपारी अंबू झोळीत झोपली होती आणि पेटीच्या तोंडाशी माश्यांची गर्दी झाली होती. नेहमीपेक्षा जास्त. त्या झोळीवरून जायच्या, झोळीवरून यायच्या. मी चार वेळा बोट धरून आले. पाचव्या वेळी मला राहवलं नाही. पदर तोंडाला गुंडाळला, पेटी उचलली आणि वाडग्यामागच्या, मेंढरांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर नेऊन ठेवली. मला वाटलं, एवढंच तर आहे. दिसतेच की इथनं. पावलं तेव्हा मोजली नव्हती. नंतर मोजली.

माघारी आले तर बाहेर गेलेल्या माश्या परत येत होत्या. रिकाम्या स्टँडवर, जिथं पेटीचं तोंड होतं, बरोबर तेवढ्या उंचीवर त्या हवेत थांबत होत्या. परगावाहून आलेलं माणूस दाराला कुलूप बघून उभं राहतं ना, तशा.

मग झोळीकडं बघितलं. अंबूच्या पिवळ्या टोपड्यावर, बरोबर टाळूवर, एक लांबडी माशी बसली होती. पोट लांब, पंख आखूड. चालत नव्हती, उडत नव्हती. दमून बसल्यासारखी बसली होती. मी पदराच्या टोकानं तिला धरलं आणि दाबलं. बारीक आवाज आला.

पदर उघडल्यावर कळलं, ती राणी होती. मालकांनी फोनवर मला राणीचा फोटो दाखवला होता. पदरातल्या माशीच्या शेपटीला पांढरा, ओला दोरा लोंबत होता. लगीन लावून आल्याची ती खूण असते, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

ती नवरी होऊन घरी आली होती, आणि मी घर हलवलं होतं.

४

संध्याकाळी मी पेटी परत स्टँडवर ठेवली. टोपडं साबणानं धुतलं, पदर धुतला, अंबूला दुसऱ्यांदा अंघोळ घातली. आत्ती मेंढरं घेऊन आल्या तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. मी कुणाला काही बोलले नाही. एक माशीच तर मेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबूच्या टाळूवर नाक टेकलं आणि दम ओढला. काकडी नव्हती. गोधडी नव्हती. गवती चहाचा वास आला.

आमच्या माळाला गवती चहा नाही. माझ्या माहेरी, शिराळ्याला, परसात होता, म्हणून मला तो ओळखू आला. मी अंबूचं तेल हुंगलं, साबण हुंगला, दुपटं हुंगलं. कशालाच तो वास नव्हता. परत टाळू हुंगली. होता. ताजा, पात हातावर चुरगळल्यासारखा.

छाती कोरडी राहिली. तिला जवळ घेतलं, तिनं तोंड लावलं, दोनदा ओढलं आणि सोडून दिलं. रडली नाही. माझ्याकडं नुसतं बघितलं, बाजारात दुसऱ्याचं लेकरू आपल्याकडं बघतं तसं.

मी मनाला सांगितलं, सोनम, तुला झोप नाही. बाळंतपणानंतर बाईला असलं काहीबाही होतं, असं आरोग्य केंद्राच्या आशाताईसुद्धा म्हणाल्या होत्या. मी ते पटवून घेतलं. पण त्या दिवशी तिच्या नाकाखाली बोट धरायचं मला आठवलं नाही, हे दिवेलागणीला लक्षात आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा.

५

दोनच्या सुमाराला ते व्हायचं. रोज.

पहिल्यांदा टोपडं बघितलं. तारेवर वाळत घातलं होतं. त्यावर दहा-पंधरा माश्या गोल करून बसल्या होत्या, सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला. मध्ये काहीच नव्हतं. त्या रिकाम्या जागेभोवती बसून त्या हळूहळू पंख हलवत होत्या. मी टोपडं चुलीत घातलं.

मग अंबूभोवती. मी तिला आत घेतलं, पाळण्यात ठेवलं, मच्छरदाणी लावली. मच्छरदाणीच्या बाहेरून, तिचं डोकं असेल त्या बाजूला, तसाच गोल. चावायच्या नाहीत. हाकललं की जायच्या, आणि एक एक करून परत यायच्या, आपापल्या जागी.

आणि वरचा आवाज. घरावर, उंच, मोकळ्या आभाळात गुणगुण. पहिल्यांदा वाटलं लांब कुठं तरी मोटर चालू आहे. अंगणात येऊन वर बघितलं तर काही दिसलं नाही. आवाज मात्र डोक्यावर होता, आणि मी ज्या बाजूला सरकले त्या बाजूला तो सरकला. माझ्या कडेवर अंबू होती. तिनं मान मागं टाकली, आवाजाकडं बघितलं आणि दोन्ही हात वर केले, आत्तींना बघून करायची तसे.

मी तिला घेऊन आत पळाले. थोड्या वेळानं पत्र्यावर टप टप वाजलं. पावसाचे दिवस नव्हते. संध्याकाळी अंगण झाडायला घेतलं तर केरात मेलेले नर. जाड, काळे, डोळेच डोळे. अर्धी सुपली भरली.

आत्ती म्हणाल्या, "ह्ये काय गं?"

"माश्या मेल्यात. ऊन लय हाय."

"माघात?" एवढंच त्या म्हणाल्या.

६

दहाव्या दिवशी मालक आले. हातपाय न धुताच सातकडं गेले. पेटीचं झाकण काढलं, पोळ्याची एक एक चौकट वर घेऊन उन्हाकडं धरली. मी दारात अंबूला घेऊन उभी होते.

"अंडी न्हाईत," ते म्हणाले. परत सगळ्या चौकटी बघितल्या. "राणी न्हाई."

"मग?"

"मग रडाय पायजे हुती. बिनराणीची पेटी रडती, सोने. कान लावला की कळतं. घरात मयत झाल्यावानी आवाज असतोय." त्यांनी पेटीला कान लावला. "ही रडंना. ही गप हाय. राणी घरात असल्यावर असत्यात तशी."

"मग असंल की कुठं तरी."

"तसंच दिसतंय. राणी हाय, खरं पेटीत न्हाई." ते हसले, पण मनापासून नाही. मग विचारलं, "पेटी हलवली न्हवतीस न्हवं?"

"न्हाई," मी म्हटलं.

आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली. त्यांच्याशी मी बोललेली ती पहिली खोटी गोष्ट.

त्यांनी हात झाडले आणि अंबूला घेतलं. उंच उचललं, खाली आणलं, टाळूचा मुका घेतला. आणि थांबले.

"हिला गवती चहा कुठनं लावलास?"

इतके दिवस मी म्हणत होते की ते माझ्या डोक्यात आहे. "तुमाला बी येतोय?" मी विचारलं.

पेटीतून निघालेली एक माशी आमच्या खिडकीतून आत गेली, थोड्या वेळानं दुसरी बाहेर आली आणि पेटीत शिरली. मालक त्या माश्यांकडं बघत होते. हळू म्हणाले, "वाट चुकलेल्यांना घर दावायचं असलं की माशी पेटीच्या दारात शेपूट वर करून हाच वास सोडती. इकडं या म्हणून."

अंबूला त्यांनी माझ्याकडं दिलं. जरा लगबगीनंच दिलं.

७

वडूजच्या डॉक्टरांनी अंबूला काट्यावर ठेवलं. वजन उतरलं होतं. "अंगावर पीत नाही का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. पावडरचं दूध दिलं तर ती तोंडातून सोडून द्यायची. रडायची मात्र नाही. भुकेनं गळून पडायची, पण दोनच्या सुमाराला डोळे उघडून पत्र्याकडं बघायची.

घरी आल्यावर मालक म्हणाले, "माझ्या अक्काकडं ठेवू. रहिमतपूरला. तिचं पोर सा म्हैन्याचं हाय, तिला दूध हाय. हिला बी पाजंल."

"किती दीस?"

"चार म्हैनं. पाच म्हैनं. लेकरू जगाय पायजे का न्हाई?"

त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच मला तोडून टाकल्यासारखं झालं. ते टेम्पो बघायला गेल्यावर मी चुलीपुढं बसून आत्तींना सगळं सांगितलं. पेटी, दहा पावलं, पदरात दाबलेली राणी, वास. आत्ती म्हणाल्या, "तुला तिचा वास येईना व्हय?"

"न्हाई आत्ती. माझी वाटतच न्हाई ती. मी काय करू? आई हाय ना मी तिची?"

"गप." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मेंढीला येड लागत न्हाई, तुला कुठनं लागंल? कोकराला कुणी परक्यानं हात लावला, धुतलं, तर मेंढी त्याला घेत न्हाई. हुंगती आन् ढुशी देती. पोटचं असलं तरी. मी लय बघितल्यात. मग आमी काय करायचो? मेंढीचं दूध काढून त्याच कोकराच्या अंगाला चोळायचं, डोक्यापासनं शेपटापातूर. आन् दोगांना अंधाऱ्या कोंडवाड्यात घालायचं. तीन दीस. वास बसेपातूर. चौथ्या दिशी मेंढी कोकरू घेऊनच भाईर येती."

मालक आल्यावर त्यांनीच सांगितलं. "तीन दीस दे मला. मग ने रहिमतपूरला."

"आई, ती मेंढी हाय का?"

"तू बी कोंडवाड्यातलाच हाईस," आत्ती म्हणाल्या. "तुझ्या बारीला मला ताप हुता, तू बी अंगावर घेत न्हवतास. इचार तुझ्या मावशीला."

मालक पहिल्यांदाच जरा हसले. तीन दिवस द्यायला तयार झाले.

८

मागची खोली रिकामी केली. खिडकीत पोतं कोंबलं. दार बाहेरून ओढून घेतलं. आत्ती सकाळ-संध्याकाळ दार किलकिलं करून पाण्याचा तांब्या आणि ताट आत सरकवायच्या आणि गावातून आणलेलं गाईचं दूध अंबूला चमच्यानं पाजून जायच्या. तेवढं दोन चमचे ती घ्यायची.

माझं दूध म्हणजे काय, दाबून दाबून वाटीचं बूड ओलं झालं. तेवढंच तिच्या टाळूला, मानेला, पाठीला चोळलं. तिला उघडी करून उघड्या छातीवर घेतलं आणि वरून गोधडी ओढली. ती माझ्यावर पडून होती, पण तोंड दाराकडं.

खोलीत अंधार होता, पण पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं होती. दुपारी त्यातून उन्हाचे कवडसे भुईवर पडायचे, रुपयाएवढे. दुसरं बघायला काही नव्हतं म्हणून मी त्यांच्याकडं बघत राहायची. मी तिच्याशी बोलायची. शिराळ्याच्या आमच्या घराचं सांगायची, परसातल्या गवती चहाचं सांगायची, तिच्या आजोळचं सांगायची. मी पेटी का हलवली तेही सांगितलं. तुला चावू नये म्हणून गं. तेवढ्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी दोनच्या सुमाराला पत्र्यावर आवाज आला. गुणगुण नव्हती. कुणी तरी कापड ओढत नेल्यासारखी सरसर. भुईवरचा एक कवडसा विझला. मग शेजारचा. मी मोजायला लागले आणि मोजायचं सोडून दिलं. एक एक करून सगळे विझले. अंधारात मी अंबूला घट्ट धरलं. ओरडावं असं मनात आलं. पण ओरडले तर दार उघडलं असतं, आणि दार उघडलं तर ती रहिमतपूरला गेली असती.

माझ्या खांद्यावर काही तरी बसलं. मग मानेवर. केसांत. हलकं, पायांचं. चावत नव्हतं. मी हात उचलला नाही. मागच्या वेळी मी हात उचलला होता.

९

तिसऱ्या दिवशी अंबूनं मान वळवली.

आपणहून वळवली, नाक माझ्या अंगाला घासत घासत तोंड लावलं आणि प्यायला लागली. मला वाटलं कोरडंच ओढते आहे. मग छातीत ती जुनी कळ आली, दोन्हीकडून, आणि पान्हा इतका फुटला की तिच्या गालावरून खाली ओघळला. मी रडत होते. तिच्या टाळूवर नाक टेकलं, दम ओढला. माझ्या लेकराचा वास. माझा, माझ्या पोटचा, जगात दुसऱ्या कुणाचा नाही असा. मी परत परत ओढला.

किती तरी वेळानं मी माझा दंड हुंगला. सहज. तिथंही तोच होता, चुरगळल्या गवती चहाचा.

तेव्हा दार उघडलं. तीन दिवस संपायला अजून अवकाश होता. रहिमतपूरहून फोन आला होता, अक्का वाट बघत होती, म्हणून मालकांना राहवलं नाही, असं आत्तींनी मागून सांगितलं. मला त्यातलं काही कळलं नाही. मला एवढंच कळलं की दारातून धुराचा, डिझेलचा, घामाचा वास आत आला. तो वास मी तीन वर्षं उशाला घेऊन झोपले होते. त्या घडीला तो कुणा परक्याचा होता. कुणी परकं आत शिरलं होतं आणि माझ्या लेकराकडं येत होतं.

ते दोन पावलं आत आले आणि थांबले. ते माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या मागं, माझ्या डोक्याच्या वर बघत होते. मालकांना मी कधी भ्यालेलं बघितलं नव्हतं.

"सोने," ते म्हणाले, "मागं बघू नगं. पोरीला घे आन् हळू..."

त्यांनी हात पुढं केला. मी हाताला लागला तो पितळी तांब्या उचलला आणि फेकून मारला.

तो त्यांच्या भिवईवर बसला. रक्त आलं. ते माझ्याकडं बघत मागं मागं सरकत दाराबाहेर गेले. माझ्या पाठीमागं काय होतं ते त्यांनी मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. मी बघितलं नाही. माझी मान वळली नाही, आणि खरं सांगायचं तर मला वळवावीशी वाटली नाही.

१०

अंबू आता आठ महिन्यांची आहे. वजन चांगलं आहे. डॉक्टर म्हणाले, तब्येत झकास. मी पाजते.

सगळ्या पेट्या मालकांनी आटपाडीला हलवल्या, सातसुद्धा. तेही तिकडंच असतात. भिवईवर चार टाके पडले, त्यांची खूण राहिली. फोन करतात. "पोर बरं हाय?" "बरं हाय." "जेवलीस?" "जेवले. तुमी?" फोनवर बोलताना ते माझे असतात. जवळ आले की नाक त्यांना ओळखत नाही आणि माझे हात भीतीनं आवळतात. दोनदा आम्ही जवळ यायचं करून बघितलं. दुसऱ्या वेळी मी त्यांचा हात चावले.

आत्ती मला काही बोलत नाहीत. एकदाच, मेंढरांना पाणी दाखवताना, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मेंढी कोकरू घेती, एवढंच आमाला ठाव हुतं. कोकरू मेंढीला घेतंय, ह्ये न्हवतं ठाव."

रविवारी दुपारी मोटारसायकल येते. ते मागच्या दारी येतात. लिंबाखाली तो स्टँड अजून आहे, चार पायांखाली चार वाट्या, आता कोरड्या. ते स्टँडपाशी उभे राहतात आणि घराकडं बघतात. मी दारात अंबूला घेऊन उभी असते. आमच्यात दहाच पावलं असतात. ते एक पाऊल टाकतात, थांबतात, स्टँडला वळसा घालतात, परत उभे राहतात. मग अंगातला शर्ट काढून स्टँडवर ठेवतात आणि बनियनवर तसेच जातात. असं करायचं आम्ही बोलून ठरवलेलं नाही. पण परक्याचा वास पेटीत बसवायचा, हा त्यांचा धंदाच. त्यांना माहीत आहे आणि मलाही.

तो शर्ट मी आणते. धूत नाही. दुपारी झोपताना माझ्या आणि अंबूच्या मध्ये ठेवते, वास बसेपर्यंत.

घरात पेटी नाही. घरात मी एकही माशी बघितलेली नाही. पण झोपून उठले की शर्टाला काटे असतात. माशीचा काटा, बारीक, पांढऱ्या टोकाचा. कॉलरीला, काखेत, छातीच्या खिशावर, जिथं घाम जास्त मुरलेला असतो तिथं. मी अंबूला मांडीवर घेते, दारातल्या उजेडाला बसते आणि नखानं एक एक काटा काढते. वेळ लागतो. अंबू बघत असते, मी हात लावू देत नाही, ती हुं हुं करते.

सगळे काढून झाले की शर्ट झटकते, घडी घालते आणि दुसऱ्या दुपारसाठी परत उशाशी ठेवते.